दिवेलागणीनंतरचं गाव आणि आमचे कॅमेरे

सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंग मशीनची एक सोय असते. हार्ड डिस्क भरली की ते सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग आपलं आपण पुसतं आणि त्या जागी नवं साठवायला लागतं. आमच्या डोक्यात ही सोय नाही! महाडमध्ये कॅमेऱ्यांचं दुकान टाकल्यापासून एकेका घराचे किस्से असे साठत गेलेत की आता दुपारचा चहा आला की कुणीतरी सुरू करतंच, "तो पांढऱ्या साडीचा काय झाला होता रे?" सगळ्यांना पाठ असतो. तरी सांगायचा, तरी ऐकायचा.

आम्ही म्हणजे तिघं. मी दुकानात बसतो आणि गिऱ्हाइकाला माल समजावतो. दिनकर माझा पार्टनर. तो पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या एका वाडीतला. शिडीवर चढणं, वायर ओढणं आणि एकही कौल न फोडता छपरावरून फिरून येणं हे त्याचं काम. धंदा निम्मा निम्मा असूनही तो मला 'शेठ' म्हणतो, मुद्दाम! तिसऱ्या सुलभाताई. त्या फोनवर असतात. कॅमेरा बंद पडला, चित्र अडकलं, पासवर्ड विसरला, सगळं त्यांच्याकडे.

आणि गिऱ्हाईक? शहरातली दुकानं, दवाखाने आहेतच. पण आमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईकर. गावच्या घरात म्हातारे आईवडील, नाहीतर नुसतं कुलूप. आणि हा तिकडे दिव्याला नाहीतर नालासोपाऱ्याला. दिवसभर कामावर. घरी येऊन हातपाय धुऊन मोबाईल उघडणार, तोवर गावाला काळोख पडलेला. त्यामुळे कॅमेरा दिवसा कसा दिसतो याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. दुकानात आला की पहिला प्रश्न एकच, "रात्रीचं दिसतं ना?"

दिसतं. पण प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळं दिसतं. आणि आमचे सगळे किस्से त्या फरकातलेच आहेत.

*

तर पांढऱ्या साडीचा.

संतोष म्हणून एक मुलगा आहे, ठाण्याला नोकरीला. त्याच्या गावच्या घरी आम्ही साधा आयआर कॅमेरा बसवला. आयआर म्हणजे काय, तर कॅमेऱ्याच्या तोंडाभोवती बारीक दिवे असतात. त्यांचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. गडद काळोखातही चित्र स्वच्छ. फक्त ब्लॅक अँड व्हाइट. आणि त्या उजेडात रंगांचा काही भरवसा नसतो! हिरवीगार पानं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसतात. काही कपडे तर इकडे गडद आणि तिकडे पांढरेफेक.

बसवून दोनचार दिवस झाले असतील. संतोषने संध्याकाळी ऑफिसातूनच मोबाईल उघडला. बघतो तर आई पायरीवर बसलेली. अंगावर पांढरी साडी. कपाळ मोकळं. मान खाली.

त्याने वडिलांना फोन लावला. कुणी उचलेना. परत लावला. परत नाही. शेजारी लावला तर रेंज नाही. पोरगं तसंच उठलं, बॅगसुद्धा न घेता, आणि मिळेल त्या गाडीने निघालं. पनवेल ओलांडल्यावर वडिलांचा फोन आला. "काय रे, एवढे फोन? म्हशी बांधत होतो गोठ्यात."

संतोषने विचारलं, "बाबा, आईने पांढरी साडी का नेसलेय?"

"पांढरी? हिरवी हाय की! गेल्या गणपतीत तूच आणलेली."

"आणि कुंकू?"

"रुपयाएवढं हाय." मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला असावा. फोन तसाच कानाला धरून त्यांनी अंगणात हाक मारली, "अगो ए! तुझा लेक मला पोचवून मोकळा झाला!"

कॅमेऱ्याने हिरवी साडी पांढरी केली होती आणि लाल कुंकू पुसून टाकलं होतं. एवढा आलाच होता म्हणून संतोष तसाच घरी गेला, आईच्या हातची भाकरी खाल्ली, झोपला आणि सकाळी दुकानात हजर. "मला रात्री कलर दिसणारा कॅमेरा पाहिजे!"

आम्ही बसवला. त्याला पांढऱ्या उजेडाचा दिवा असतो, काळोख पडला की पेटतो. रंग फर्स्ट क्लास. पण त्या दिव्यावर किडे आले. किड्यांसाठी पाली आल्या, खाली बेडूक आले. आणि बेडकांच्या मागून कोण येतं ते तुम्हाला माहीत आहे. संतोषच्या आईने सरळ कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. मग संतोषला रोज संध्याकाळी फक्त टॉवेल दिसायचा. पण कलरमध्ये!

दिनकर समजूत काढायला गेला. म्हणाला, "काकी, टॉवेल काढा. नायतर काय उपयोग त्याचा?"

काकी म्हणाल्या, "त्यापरीस जुनाच लाव ना रे. त्यात मी पांढरी दिसत होते, तर धावत आला होता."

*

आयआर कॅमेऱ्याचं आणखी एक दुखणं म्हणजे कोळी. त्या दिव्यांची थोडी ऊब असते, बारीक किडे येतात, म्हणून कोळी नेमका तोंडासमोरच जाळं विणतो. काळोखात ते जाळं असं चमकतं की समोर कुणी पांढरी दोरखंडं हलवतंय असं वाटावं.

कुलूपबंद घराचा असाच एक मालक घाबराघुबरा होऊन सुलभाताईंच्या फोनवर. "ताई, अंगणात काहीतरी पांढरं नाचतंय! माणूस पाठवा! आत्ताच्या आत्ता!"

दिनकर गेला. शिडी लावली, वर चढला आणि खिशातून रुमाल काढून तसाच थांबला. मालक मोबाईलवर त्याला बघतच होता. ह्या कॅमेऱ्यांना माइक आणि स्पीकर दोन्ही असतात. त्यातून आवाज आला, "काय झालं? काढा ना ते!"

दिनकर कॅमेऱ्यात तोंड घालून म्हणाला, "काढतो. पण तुमच्या घरात आता येवढा येकच जण राहतो. त्याला पण हाकलू काय?"

मालक म्हणाला, "जरा बाजूला सरकवा. मारू नका."

*

मग बाजारात तिसऱ्या जातीचा कॅमेरा आला. कंपनीचा माणूस आमच्या दुकानात येऊन टायची गाठ सैल करत म्हणाला, "याला दिवा लागत नाही. आत मोठा सेन्सर आहे. चांदण्यांच्या उजेडात कलर!"

दिनकर म्हणाला, "आणि ढग आले तर?"

"टेस्ट करून बघा!"

टेस्ट करायची म्हणजे तिन्ही कॅमेरे शेजारी शेजारी लावून एकच गोष्ट बघायची. त्यासाठी काळोख हवा. आणि महाडमध्ये काळोख कुठाय? दुकानाच्या गच्चीवर गेलो तर हायवेच्या गाड्यांचे झोत. नदीकडे गेलो तर पलीकडच्या हॉटेलची माळ. तळ्याकाठी गेलो तर पोरांनी मोबाईलचे टॉर्च लावून वाढदिवसाचा केक कापायला काढलेला! कंपनीचा माणूस वैतागला. "अहो, एवढं खेडं आहे आणि अंधार नाही?"

महाडला खेडं म्हटलं म्हणून मी काही बोलणार होतो, पण दिनकर म्हणाला, "आमच्या वाडीवर चला. तिकडं भरपूर हाय."

गेलो. शेवटच्या चढणीला दिवस मावळला. वाडी तशी मोठी, घरं रांगेनं; पण एखाददुसरा बल्ब सोडला तर सगळीकडे कुलपं. आम्ही तिन्ही कॅमेरे एका बांबूला बांधले आणि दिनकरच्या चुलतीला लाल घोंगडं पांघरून लांबवर उभं केलं. आयआरमध्ये घोंगडं राखाडी दिसलं. दिव्यावाल्यात दिव्याच्या टप्प्यात होतं तोवर लाल, पुढे गेलं की काही नाही. तिसऱ्यात मात्र आकाश निळसर, डोंगराची कड स्पष्ट आणि घोंगडं लाल! चुलती हलली की चित्र फरफटायचं, पण लाल ते लालच.

कंपनीचा माणूस खूश. "काय अंधार आहे हो तुमच्याकडे! अस्सल!"

"पूर्वी नव्हता," दिनकर म्हणाला.

"म्हणजे?"

"मी ल्हान होतो तवा वाडीत लाइट नव्हती. पण घराघरात कंदील असायचे, चुली असायच्या. इकडनं बघितलं तर सगळी वाडी दिसायची. मग लाइट आली आणि माणसं गेली."

कंपनीच्या माणसाने टायची गाठ उगाचच परत वर सरकवली.

*

तो तिसरा कॅमेरा आमच्याकडून पहिल्यांदा कुणी घेतला असेल? सिक्युरिटी गार्डने!

विलास त्याचं नाव. मुंबईत एका टॉवरच्या कंट्रोल रूममध्ये ड्युटी. भिंतभर स्क्रीन आणि समोर हा. लिफ्ट, पार्किंग, गेट, दिवसभर दुसऱ्यांची दारं बघायची. त्यामुळे कॅमेऱ्यातलं त्याला कळतं. दुकानात आला, तिन्ही मॉडेल बघितली आणि विचारलं, "दादा, यातल्या कशात काजवे दिसतात?"

इतकी वर्षं धंदा करतोय. चोर दिसतो का, बिबट्या दिसतो का, गाडीचा नंबर दिसतो का, सगळं विचारून झालंय. काजवे कुणी विचारले नव्हते.

तो म्हणाला, "आमच्या घरामागं ओढा हाय. मेअखेरीला झाडं नुसती पेटतात. नेमकी तेव्हा मला सुट्टी मिळत नाय. बरीच वर्षं झाली. आजपण दुपारच्या गाडीनं ड्युटीवर परत जायचंय."

आम्हालाही इरेस पडल्यासारखं झालं. दिवस तेच होते. दिनकर तिन्ही कॅमेरे घेऊन त्याच्या गावी गेला, आणि मी हौसेने बरोबर. आयआरमध्ये काजवा, पाकोळी आणि धूळ सगळं सारखंच, पांढरे ठिपके. काजवा कुठला ते ओळखायचं कसं? दिव्याचा कॅमेरा लावला तर त्या झगझगाटात काजवे दिसेनासेच झाले. जणू विझवून टाकले! मग तिसरा लावला, त्याचं शटर सावकाश केलं, आणि स्क्रीनवर काय दिसलं म्हणून सांगू! काजवा उडाला की पिवळ्या-हिरव्या उजेडाची लांबच लांब रेघ. झाडभर रेघा. ह्या कॅमेऱ्यात हलणारी वस्तू फरफटते ही आम्ही खोड समजत होतो. इथे तीच खोड कामाला आली.

ओढ्याकडे तोंड करून कॅमेरा पक्का केला. घराकडे पाठ! विलासच्या आईने विचारलं, "आन् चोर आला तर?" दिनकर म्हणाला, "ओढ्यातनं आला तर दिसंल."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सुलभाताईंना विलासचा फोन. "ताई, दिसले! सगळे दिसले! पण सुपरवायझर नेमका मागे येऊन उभा राहिला. ओरडला, 'स्क्रीन पे ध्यान दो!'"

"मग?"

"म्हटलं, साहेब, त्याच्याशिवाय दुसरं काय करतोय?"

"मग रागावला का?"

"नाय ताई. गोरखपूरकडचा हाय तो. खुर्ची ओढून बसला. आता रोज विचारतो, 'आज जुगनू आये क्या?'"

*

हा सुलभाताईंचा स्वतःचा. त्यांच्याच तोंडून ऐकावा असा आहे, पण सांगतो.

पोलादपूर बाजारपेठेच्या मागे एका बाईंच्या घरी फिरता कॅमेरा बसवलाय. मोबाईलवरून डावीकडे-उजवीकडे फिरवता येतो. बाई एकट्या, मुलगा पुण्यात. मुलाचा फोन आला, "मॅडम, कॅमेरा खराब आहे. मी गेटवर लावून ठेवतो, संध्याकाळी बघतो तर आपोआप डावीकडे फिरलेला असतो. डावीकडे काय आहे? स्वयंपाकघराचं मागचं दार! तिकडे बघून काय करू?"

ताईंनी सेटिंग तपासलं. सगळं ठीक. काही दिवसांनी डोंबिवलीहून एका बाईंचा फोन. त्याच कॅमेऱ्याविषयी! "ताई, मी मागच्या दारावर लावून ठेवते, आणि सकाळी बघते तर गेटकडे तोंड."

ताईंनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी मुलगी. आईने पासवर्ड दिलाय. भावाला सांगू नका. आम्ही बोलत नाही."

कुणाच्यातरी लग्नात मानपानावरून काहीतरी बिनसलं होतं, आणि मग दोघांनीही फोन करायचं सोडलं. आई मधल्यामधे. तिने दोघांना एकच पासवर्ड दिला आणि गप्प बसली. त्यामुळे भाऊ कॅमेरा उजवीकडे फिरवतोय, बहीण डावीकडे. रोज!

ताईंनी बहिणीला विचारलं, "पण मागच्या दाराला काय आहे?"

"आई भांडी विसळायला तिथे येते. वर बल्ब आहे. गेटवर नुसता काळोख दिसतो हो. गेट बघून मी काय करू?"

यावर सुलभाताईंनी काय करावं? दोघांनाही सांगून टाकलं. बहिणीला म्हणाल्या, "सेटिंग भावाच्या मोबाईलमधून होईल, त्यांना फोन करा." आणि भावाला म्हणाल्या, "सेटिंग बहिणीच्या मोबाईलमध्ये आहे, त्यांना फोन करा." मी म्हटलं, "ताई, असं काही सेटिंग नसतं!" त्या म्हणाल्या, "तुम्ही तुमचं बघा."

महिनाभर दोघांपैकी कुणाचाच फोन नाही. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. मग एक दिवस बहिणीचा आला, बिलाबिलाचं काहीतरी विचारायला. बोलता बोलता ताईंनी हळूच विचारलं, "कॅमेरा आता नीट आहे ना?"

"नीट आहे. संध्याकाळी मी उघडायच्या आधीच कुणीतरी डावीकडे फिरवून ठेवलेला असतो."

*

उमरठच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. त्या वाडीच्या मुंबईकर मंडळाला देवळासमोरच्या पटांगणात कॅमेरा हवा होता. गावात उरली मोजकी म्हातारी माणसं. मंडळ मात्र मोठं, आणि मंडळ म्हटलं की वाद आलेच. एकजण म्हणे आयआर, एकजण म्हणे कलरच पाहिजे, तिसऱ्याने कुठेतरी चांदण्यावाल्याचं ऐकलेलं. शेवटी ठरलं की तिन्ही कॅमेरे तात्पुरते लावायचे, मंडळाची सभा मुंबईत एका शाळेच्या वर्गात भरेल, भिंतीवर तिन्ही चित्रं दिसतील आणि मत घेतलं जाईल.

आम्ही तिन्ही लावले. संध्याकाळ उतरली. मुंबईहून अध्यक्षांचा आवाज स्पीकरवर, "कुणीतरी पटांगणाच्या टोकाला चालून दाखवा. माणूस ओळखता येतो का बघू!"

दिनकर निघाला तर अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही नको, तुम्हाला आम्ही कुठे ओळखतो? गावातलं कुणीतरी."

पारावर पार्वतीआजी बसल्या होत्या. वय बरंच. मी म्हटलं, "आजी, जरा त्या टोकापर्यंत जाऊन याल?"

"कशाला?"

"मुंबईची मंडळी बघतायत."

आजींनी पदर सारखा केला आणि काठी घेऊन निघाल्या. माझ्या लॅपटॉपवर मीही तेच बघत होतो. खरं सांगायचं तर तिन्ही कॅमेरे नापास! आयआरचा उजेड तेवढ्या लांब पोचेना, नुसती करडी सावली. दिव्यावाल्यात आजी निम्म्यात गडप. चांदण्यावाल्यात रंग होता, पण आजी चालल्या की फरफटून धुरासारख्या. तोंड कशातच दिसत नव्हतं. मी मनात म्हटलं, गेली ऑर्डर!

आजी चार पावलं चालायच्या, थांबायच्या, कमरेवर हात ठेवून वर आभाळाकडे बघायच्या, मग परत चालायच्या.

तेवढ्यात स्पीकरवर मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर आपली पार्वतीकाकू!"

आणि त्या वर्गात एकच गलका. "काकूच! थांबते बघ कशी!" "कमरेवर हात!" "काकू, मला ओळखलंस का? मी धोंडूचा रमेश!" "काकू, तुझ्या गुळपोळीची आठवण येते गो!" अध्यक्ष टेबल बडवतायत, "शांत व्हा, मत घ्यायचंय, मत!" कोण ऐकतंय! शेवटी अध्यक्षच म्हणाले, "अहो दुकानवाले, कॅमेरा कुठलाही बसवा. फक्त काकूला सांगा, रोज दिवेलागणीला तिथनं एक फेरी मारायची."

आजी परत येऊन खांबाखाली उभ्या होत्या. सगळं ऐकत होत्या. तिन्ही कॅमेऱ्यांकडे त्यांनी आळीपाळीनं बघितलं आणि मला विचारलं, "फेरी मारीन. त्याला काय! पण या तिघांत मला ती सगळी दिसतील असा कंचा?"

*

आणि आता हा शेवटचा. हा दिनकर कधी सांगत नाही. मीच सांगतो.

चौथी जात थर्मल. तो उजेड बघतच नाही, तो ऊब बघतो. जे गरम ते पिवळं-नारिंगी, जे गार ते जांभळं-काळं. महाग प्रकरण आहे, आमच्याकडे फारसं कुणी घेत नाही. पण कापडे गावच्या दत्तारामकाकांच्या वालाच्या शेतात रानडुकरं शिरत होती, आणि गवतात दडलेलं जनावर फक्त थर्मलमध्येच दिसतं. डीलरकडून डोळ्याला लावून बघायचं एक यंत्र दाखवायला म्हणून आणलं आणि थंडीतल्या एका संध्याकाळी मी आणि दिनकर त्यांच्याकडे गेलो.

जाऊन बघतो तर अंगणात जीप उभी, वर बॅगा बांधलेल्या. काकांची मुलगी मनीषा पहिल्या बाळंतपणाला आली होती, ती आज सासरी निघाली होती, वसईला. जावई घ्यायला आलेला. मी म्हटलं, "काका, आम्ही उद्या येतो."

"नाय नाय, दाखवा. आत्ताच दाखवा." काका गडबडीने म्हणाले आणि यंत्र माझ्या हातातून घेऊन डोळ्याला लावलं.

मग काका अंगणभर बघत सुटले. टोपलीखालच्या कोंबड्या निखाऱ्यासारख्या दिसल्या. जीपचं बॉनेट पेटलेलं. गोठ्यातली गाय, तिचं वासरू. "दिनकर, हे बघ! शेठ, हे बघा!" आत मनीषा देवाला नमस्कार करत होती, काकू तिच्या पिशवीत काहीबाही भरत होत्या, आणि काका मात्र यंत्र डोळ्याचं काढीनात. मनीषा पाया पडायला आली तेव्हाही त्यांनी एका हातानेच आशीर्वाद दिला. "बाबा, इकडे बघा तरी," ती म्हणाली. "बघतोय गो, बघतोय," काका म्हणाले.

बाळ ओटीवर गोधडीवर झोपलं होतं. मनीषाने त्याला अलगद उचललं, कानटोपी घातली, आणि सगळे जीपकडे गेले. दार लागलं. जीप वळणापर्यंत दिसली, मग तिचे दिवे दिसले, मग नुसता आवाज.

काकू डोळे पुसत परत आल्या आणि आवराआवर करायला गोधडीकडे वाकल्या.

"थांब! उचलू नको!" काका ओटीच्या खाली उभे होते, यंत्र डोळ्याला, तोंड गोधडीकडे.

"का? काय झालं?"

काकांनी यंत्र काकूंच्या हातात दिलं. धरायचं कसं ते दिनकरने दाखवलं. काकूंनी बघितलं. गोधडीवर पिवळसर उजेडाचा एक लहानसा आकार होता. गोल डोकं, पाठ, एक पाय पोटाशी घेतलेला. कडेकडेने तो जांभळा होत चालला होता.

काकूंनी यंत्र दिनकरकडे परत दिलं. अंगावरची शाल काढली, दोन्ही हातांनी पसरली, आणि गोधडीवर हलक्या हाताने पांघरली.

"गार लागंल," त्या म्हणाल्या.